पाखरांची बखर

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण उंबरठ्यापासून देवघरापर्यंत रांगोळीने लक्ष्मीची पावले काढतो. म्हणजे तिने पायीच यावे अशी व्यवस्था करतो. ती ज्याच्यावर बसून येते असे सांगतात, तो पक्षी आपल्याला दारी नको असतो. घुबड छपरावर बसलेले दिसले की घरातली वडीलधारी माणसे दगड शोधू लागतात, आणि एखाद्याला घुबड म्हटले तर तो पुढची दोन वर्षे आपल्या घरचा फराळ खात नाही. घुबडाचा धाकटा भाऊबंद पिंगळा. त्याची अवस्था थोडी बरी. पहाटे दारी येऊन भविष्य सांगणाऱ्या कुडमुड्या जोश्यालाही आपण पिंगळाच म्हणतो, कारण त्याला त्या पाखराची बोली कळते अशी जुनी समजूत. जोश्याला आपण पसाभर धान्य घालतो. पाखरू स्वतः सांगत आले तर मात्र कोणी दार उघडत नाही.

वाचकहो, या दिवाळीला अशाच एका पिंगळ्याची हकीकत सांगावयाची आहे. हा आमच्या खानदेशातला. रानपिंगळा त्याचे नाव. १८८४ साली तो जो दिसेनासा झाला तो १९९७ साली पुन्हा दिसला. मधली एकशे तेरा वर्षे तो शास्त्राच्या लेखी जवळजवळ मेलेलाच होता. त्याच्या हकीकतीत फुलपाखरे येतील, मिठाचे खाते येईल, एक लबाड कर्नल येईल आणि आमच्या बहिणाबाईही येतील. मी शाळामास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पोटाला शाळा आणि हौसेला कादंबऱ्या. प्राणिशास्त्र हा काही माझा प्रांत नव्हे. पण इतिहासाच्या तासाला मुलांना लढाया आणि तह सांगताना मला नेहमी वाटत आले आहे, की त्या लढाया चालल्या असताना आसपासच्या झाडांवर जे बसले होते, त्यांचेही दप्तर कोणीतरी ठेवले असेल.

ठेवलेले आहे. १८१७ साली खडकीला पेशव्यांची आणि इंग्रजांची गाठ पडली. त्या लढाईत इंग्रजांच्या बाजूला विल्यम हेन्री साइक्स नावाचा एक लष्करी अधिकारी होता. पेशवाई बुडाल्यावर, १८२४ साली, मुंबई सरकारने त्याला दख्खनची पाहणी करण्याच्या कामावर नेमले. लोक किती, जमीन कशी, पीक काय, असली ती पाहणी. साहेब गावोगाव हिंडला आणि हिंडता हिंडता पाखरांचीही मोजदाद करीत गेला. दख्खनच्या पक्ष्यांची त्याची यादी १८३२ साली लंडनला छापली गेली. ओढ्याकाठी चिखलाच्या रंगाची होऊन बसणारी आणि उडाली की एकदम पांढरीशुभ्र दिसणारी ढोकरी आपण सर्वांनी पाहिलेली आहे. शास्त्राच्या वहीत तिचे पहिले वर्णन याच साइक्सच्या नावावर, त्याच साली चढलेले आहे. आमच्या आज्या-पणज्यांना ती शेकडो वर्षे ठाऊक होती यात शंका नाही. फक्त त्यांनी गाव आणि तारीख टाकून ठेवली नाही.

रानपिंगळ्याची पहिली तारीख आहे १८७२. रायपूरकडच्या, म्हणजे आजच्या छत्तीसगडातल्या, फुलझरच्या बाजूला ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याला तो मिळाला. दुसऱ्याच वर्षी ह्यूमने त्याचे वर्णन छापले आणि ब्लेविटचे नाव त्याला चिकटवून दिले. हा ह्यूम तोच, ज्याचे नाव १८८५ सालच्या काँग्रेसच्या स्थापनेसाठी आमची मुले पाठ करतात. त्याआधी मात्र या गृहस्थाचे सारे चित्त पाखरांत गुंतलेले होते. हिंदुस्थानातल्या पक्ष्यांवर थोरला ग्रंथ लिहावयाचा म्हणून त्याने अनेक वर्षे टिपणे जमवली होती. ती सिमल्याच्या घरातून एका नोकराने बाजारात नेऊन रद्दीच्या भावाने विकली. ह्यूमचे मन विटले. ऐंशी हजारांच्या आसपास पक्ष्यांचा आपला संग्रह त्याने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला आणि तो राजकारणात शिरला. एवढ्या रद्दीने देशाच्या इतिहासाला किती वळण दिले याचा हिशेब कोणी करावा!

दुसरा रानपिंगळा १८७७ साली ओरिसात खरियारच्या बाजूला, भूगर्भखात्यात काम करणाऱ्या बॉलला मिळाला. त्यानंतरचे सगळे मिळाले ते खानदेशात आणि एकाच माणसाला. त्याचे नाव जेम्स डेव्हिडसन. मुलकी खात्यातला हा स्कॉटिश अधिकारी. तेव्हा धुळे, नंदुरबार, जळगाव हे सगळे मिळून एकच खानदेश जिल्हा होता; त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे १९०६ साली झाले. सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याकडे त्या काळी दाट सागवान होते. १८८० नंतरच्या तीन-चार वर्षांत डेव्हिडसनने तिथे हे पिंगळे टिपले. कातडी सोलून, कापूस भरून, पायाला चिठ्ठी बांधली. चिठ्ठीवर गाव, तारीख आणि नाव. नाव अर्थात साहेबाचे. त्या रानात साहेबाला कोणत्या झाडाखाली उभे राहावयाचे हे ज्याने दाखवले असेल, त्याचे नाव चिठ्ठीवर येत नसे. आमच्याकडची ही जुनी चाल आहे. देवळावर नाव बांधणाऱ्या राजाचे, पाथरवटाचे नव्हे.

डेव्हिडसनसारखी वेडी माणसे त्या वेळी मुंबई इलाख्यात सुटी सुटी होती. १५ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांच्यातली आठ जण मुंबईला राणीच्या बागेतल्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, जमली आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी काढली. आठांत सहा साहेब आणि दोन आपले. एक डॉ. आत्माराम पांडुरंग, १८६७ साली प्रार्थना समाज स्थापन करणारे. तरुण रवींद्रनाथ विलायतेला जाण्यापूर्वी, १८७८ साली, इंग्रजी रीतिरिवाज शिकावयास याच डॉक्टरांच्या घरी राहिले होते आणि डॉक्टरांच्या कन्या अन्नपूर्णाबाई त्यांच्या शिक्षिका झाल्या होत्या. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, वनस्पतींचे जाणकार. ज्यांच्या विवाहाच्या खटल्याने सारा देश ढवळून निघाला त्या रखमाबाईंचे हे सावत्र वडील. समाजसुधारणेच्या इतिहासात ही दोन्ही नावे आपण वाचतो. त्याच माणसांना साप, पाखरे आणि झाडपाला यांच्या गप्पांसाठी एक संध्याकाळ काढावीशी वाटली, हे मात्र त्यांच्या चरित्रांत एका ओळीत आटोपते.

त्या आठांतला एक होता एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. हा माणूस आपल्या साताऱ्याचा! १८५१ साली तिथे जन्मला. बाप स्कॉटिश पाद्री. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्याने काही वर्षे लॅटिन शिकवले आणि १८७६ साली तो मुंबई इलाख्याच्या जकात व मीठ खात्यात शिरला. पहिल्यापहिल्यांदा नेमणूक झाली खाराघोड्याला, कच्छच्या छोट्या रणाच्या कडेला. तिथे मीठ, धूळ आणि पुन्हा मीठ. दुसरा असता तर बदलीसाठी अर्ज करीत बसला असता. याने आपल्या बंगल्यातल्या प्रजेकडे पाहावयास सुरुवात केली. उंदीर, पाली, मुंग्या, कावळे, वटवाघळे, बेडूक, कोळी. इंग्रजांची सरहद्दीवरच्या टोळ्यांशी नेहमीच काही ना काही कटकट चाललेली असे. त्या राजकारणाची नक्कल करून त्याने १८८३ साली ‘माझ्या सरहद्दीवरच्या टोळ्या’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले. त्यातल्या टोळ्या म्हणजे हेच उंदीर आणि कावळे. ‘एहा’ या टोपणनावाने लिहिलेले हे पुस्तक आजही वाचताना हसू येते. मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवरचे त्याचे पुस्तक १९०० सालचे.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. याच एहाने १८८९ साली बंगल्यामागच्या नोकरचाकरांवर एक पुस्तक लिहिले. त्यातही विनोद आहे, पण तो विनोद वाचताना आपल्या मनाला टोचतो. कावळ्याची लबाडी जो प्रेमाने पाहतो त्यालाच बुटलरची लबाडी पाहताना मालकपण विसरता येत नाही. कावळ्याला पगार द्यावा लागत नाही, हे कदाचित त्याचे कारण असेल.

पुढे या एहाची बदली कारवारच्या बाजूला झाली आणि तिथे डेव्हिडसनही येऊन पोहोचला. खानदेशच्या रानात पिंगळे टिपणारा डेव्हिडसन आता उत्तर कानडा जिल्ह्याचा अधिकारी. एहा गोव्याच्या सरहद्दीवर जकात आणि मीठ पाहणारा. आणि त्यांना तिसरा मिळाला जंगलखात्यातला तरुण, थॉमस बेल. कारवार तेव्हा मुंबई इलाख्यात होते, आणि १९५६ सालापर्यंत ते मुंबई राज्यातच राहिले. महसूल, मीठ आणि जंगल ही तीन खाती एकत्र बसली म्हणजे रयतेच्या पोटात गोळा यावा. पण या तिघांच्या बैठका होत त्या अळ्यांवरून.

आपल्या भाषेची एक गंमत आहे. पक्षी तेही पाखरू आणि फुलावरचे तेही फुलपाखरू. इंग्रजांना मात्र फुलपाखरे म्हणजे टाचणी टोचून काचेखाली ठेवावयाची रंगीत वस्तू वाटत आली होती. या तिघांनी फुलपाखरू पकडण्याऐवजी त्याच्या मागे मागे जावयाचे ठरवले. मादी कोणत्या झाडावर, पानाच्या कोणत्या बाजूला अंडे घालते ते पाहावयाचे. ते पान घरी आणावयाचे. अळी बाहेर आली की तिला रोज त्याच झाडाचा कोवळा पाला घालावयाचा. ती कात किती वेळा टाकते, कोष कसा करते, किती दिवसांनी फुटतो, हे सगळे लिहून ठेवावयाचे. कचेरीची कागदपत्रे एका मेजावर आणि अळ्यांच्या पेट्या दुसऱ्या मेजावर. डेव्हिडसन आणि एटकेन यांचे पहिले टिपण सोसायटीच्या नियतकालिकात १८९० साली आले, आणि तिघांच्या नावाने उत्तर कानड्याच्या फुलपाखरांवरची लेखमाला १८९६-९७ साली. कोणते फुलपाखरू कोणत्या झाडावर वाढते हे सांगताना आजचे अभ्यासकही या तिघांचा दाखला देतात. काही निळ्या चिमुकल्या फुलपाखरांच्या अळ्यांच्या अंगातून गोड रस पाझरतो आणि त्यासाठी मुंग्या त्यांच्या भोवती पहारा देत उभ्या असतात, ही दोस्तीही त्यांनी टिपून ठेवली. आणखी एक बारीकसे फुलपाखरू आहे. त्याची अळी पाला खातच नाही; झाडावरचे पिठासारखे पांढरे किडे खाते. तिचा कोष जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढा, आणि तो वळवून पाहिला तर हुबेहूब माकडाचे तोंड! त्यावर १८९४ साली लिहिले ते एहाने.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी कारवारला गेलो होतो. काळी नदीच्या काठाने आत जाणाऱ्या रस्त्यावर, एका झऱ्यापाशी, ओल्या मातीवर चाळीस-पन्नास फुलपाखरे एकमेकांना खेटून बसली होती. पिवळी, पांढरी, आणि निळ्या पट्ट्यांची काळी. जवळ गेलो तरी उठेनात. सोंडा चिखलात घालून सारी मंडळी पीत होती. हे बहुतेक नर असतात, आणि मातीतले क्षार शोषून घेण्यासाठी ते असे जमतात. मिठाच्या खात्यातल्या साहेबाच्या हद्दीत ही बिनपरवाना मीठ उचलण्याची वहिवाट केवढी जुनी असेल, या विचाराने मला तिथे उभ्या उभ्या हसू आले. बरोबरच्या मंडळींना वाटले, मास्तरांना ऊन लागले.

एहा १९०२ साली गोव्याच्या सरहद्दीवरच्या नाक्यांवर हिवतापाची चौकशी करीत होता. तिथे त्याला डासांची एक नवी जात मिळाली. ती त्याच्या नावाने ओळखली जाते. १९०९ साली तो एडिंबरोला वारला. डेव्हिडसनही तिकडेच जाऊन १९२५ साली वारला. बेल गेला नाही. १९२० साली नोकरी संपल्यावर तो कारवारलाच राहिला, अळ्या पाळीत आणि लिहीत, आणि १९४८ साली कारवारलाच त्याने देह ठेवला. ज्या राज्याने त्याला पाठवले होते ते तेव्हा उठून गेलेले होते.

त्याची पद्धत माझ्या वर्गापर्यंत कशी आली कोणास ठाऊक, पण आलेली आहे. पाचवीतल्या एका मुलीने मागच्या श्रावणात कंपासपेटीत कढीलिंबाच्या पानांसह एक अळी आणली. आधी ती पाखराच्या विष्ठेसारखी दिसत होती, काळपट-पांढरी, म्हणून शेजारणीने नाक मुरडले. आठवड्याने कात टाकून ती हिरवीगार झाली. पेन्सिलीने डिवचले तर डोक्यामागून तांबडी दुशिंगी काढी आणि उग्र वास सोडी. गणिताच्या तासाला तो वास सुटला की वर्गाला सुट्टी मिळाल्यासारखे होई. शेवटी कोष झाला, आणि अकराव्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यातून काळे, पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असलेले फुलपाखरू निघाले. त्या मुलीने वहीत काय लिहिले होते? झाडाचे नाव, अळी सापडल्याची तारीख, कात टाकल्याच्या तारखा, आणि खाली एक वाक्य: ‘रविवारचे माहीत नाही, शाळा बंद होती.’ मी त्या वाक्याला दहापैकी दहा गुण दिले.

याच जातकुळीतले मोठे भाऊबंद, काळ्या मखमलीवर निळी झाक असलेले, महाराष्ट्राने २०१५ साली आपले राज्य-फुलपाखरू ठरवले. असा मान फुलपाखराला देणारे आपले राज्य पहिले. राणी पाकोळी, नीलवंत अशी गोड नावे त्याला मिळाली आहेत. नावांच्या बाबतीत आपण मराठी माणसे नेहमीच उदार असतो. पण नाव पडले म्हणजे पाहणे झाले असे नव्हे. सुगरणीचेच घ्या. सुगरण म्हटले की पदर खोचलेली, हाताला चव असलेली बाई डोळ्यांपुढे येते, आणि विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारा तो देखणा खोपा त्या बाईनेच विणला असे आपण धरून चालतो. आसोद्याला १८८० साली, डेव्हिडसन याच खानदेशात हिंडत होता त्या दिवसांत, जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींच्या कवितेतही खोपा विणणारी ती आईच आहे. १९३० साली सालीम अली अलिबागजवळच्या किहीमला राहून या पाखरांकडे पाहत बसले. विणकाम सारे नराचे, असे त्यांना दिसले. नर खोपा अर्धा विणतो. मग मादी घर पाहावयास येते, आत शिरते, ओढून ताणून पाहते. पसंत पडले तर राहते. तिने अंडी घातली की नर लगेच पलीकडे दुसरा खोपा बांधावयास घेतो, दुसरीसाठी! हे वाचून आमच्या बहिणाबाईंची कविता खोटी ठरते असे मला बिलकूल वाटत नाही. पिलांसाठी जीव टांगणीला लावणारी आई त्यांना सांगावयाची होती, आणि खोप्यात पिले भरवावयास बहुतांशी तीच असते. नराची हकीकत ऐकून बहिणाबाई काय म्हणाल्या असत्या, त्याची मात्र मला कल्पना करता येते.

सालीम अलींची स्वतःची सुरुवातही एका चिमणीपासून झाली. बारा वर्षांच्या या मुलाने १९०८ साली छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. गळ्यावर पिवळा डाग होता. हे काय पाखरू, म्हणून मामांनी चिठ्ठी देऊन त्याला त्याच सोसायटीच्या मिलार्डसाहेबांकडे धाडले. ओळखणाऱ्या माणसाशी गाठ पडली आणि मुलाचा जन्म मार्गी लागला.

आता बखरीत लबाडाचा प्रवेश. रिचर्ड माइनर्ट्झहागन हा ब्रिटिश फौजेतला अधिकारी. शूर, श्रीमंत, पाखरांचा नामांकित संग्राहक. १९३७ साली अफगाणिस्तानच्या पक्षी-पाहणीत सालीम अली त्याच्याबरोबर होते. त्याने आपल्या रोजनिशीत सालीम अलींना मनसोक्त शिव्या घालून ठेवल्या होत्या. सालीम अलींनी १९८५ सालच्या आत्मचरित्रात त्याच शिव्या स्वतःच छापून टाकल्या. मनाचा मोठेपणा म्हणतात तो हा. या माइनर्ट्झहागनच्या संग्रहात एक रानपिंगळा होता. चिठ्ठीवर गाव लिहिले होते मांडवी, गुजरातेत तापीकाठचे; साल १९१४. म्हणजे डेव्हिडसननंतर तीस वर्षांनी दिसलेला शेवटचा रानपिंगळा हाच. साहजिकच त्याला शोधणारे गुजरातेत मांडवीच्या बाजूला फिरत राहिले. पाखरू मिळेना. सगळ्या जगातल्या संग्रहालयांत मिळून त्याची सात कातडी, आणि जिवंत एकही नाही. गेला, असे ठरले.

अमेरिकेतल्या पामेला रासमुसेन या विदुषींना हिंदुस्थानच्या पक्ष्यांवरच्या ग्रंथाचे काम करताना माइनर्ट्झहागनच्या पुष्कळ चिठ्ठ्यांचा संशय येऊ लागला. नायजेल कॉलर या सहकाऱ्याबरोबर त्यांनी तो पिंगळा तपासला. क्ष-किरणांखाली घातला. जुने टाके उसवून पुन्हा शिवलेले, आतला मसाला बदललेला. पण भरण्याच्या मुळातल्या हाताची खूण पुसलेली नव्हती. तो हात डेव्हिडसनचा होता. १९१४ साली तर हा लष्करी गृहस्थ मुंबईहून आफ्रिकेच्या स्वारीवर जावयाच्या गडबडीत. ब्रिटिश म्युझियममधला डेव्हिडसनचा पिंगळा चोरून त्याने त्यावर आपली चिठ्ठी बांधली होती. हा निबंध १९९९ साली छापला गेला.

पण त्याआधीच रासमुसेनबाईंनी मनाशी हिशेब केला: खोटी चिठ्ठी फाडून टाकली तर उरते काय? उरतात ब्लेविट, बॉल आणि डेव्हिडसन. बाई, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे १९९७ च्या नोव्हेंबरात निघाले. आधी पूर्वेकडची जुनी ठिकाणे पाहिली. तिथे मूळची राने राहिलेली नव्हती, पिंगळाही नव्हता. मग ती मंडळी आमच्या शहाद्याला आली, डेव्हिडसनच्या चिठ्ठीवरच्या प्रदेशात. २५ नोव्हेंबरला सकाळी, चांगल्या उजेडात, तो त्यांना दिसला. एकशे तेरा वर्षांपूर्वी एका मुलकी अधिकाऱ्याने दिव्यापाशी बसून जे गाव लिहिले होते, त्याच मुलखात.

हा पिंगळा अंधाराचा नव्हेच. तो दिवसा हिंडतो, दिवसा शिकार करतो. आपल्या गावठी पिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची खसखस पेरलेली असते. याचे कपाळ जवळजवळ कोरे, आणि पाय चांगले दणकट. पुढे तोरणमाळच्या बाजूला तो मिळाला, मेळघाटात मिळाला, आणि २०१४ साली तर मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यात दिसला. म्हणजे मुंबईची तहान भागवणाऱ्या तलावाच्या रानात तो बसला होता, आणि शास्त्रज्ञ त्याला शोधत सातपुडा पालथा घालीत होते. तरी त्याची संख्या थोडीच. सागाची राने मोडून शेते होतात तिथून तो उठतो. आणि आणखी एक गोष्ट, दिवाळीच्या अंकात लिहावयास जड जाते, पण लिहिलीच पाहिजे. घुबडे आणि पिंगळे यांचा चोरटा व्यापार देशभर चालतो आणि दिवाळीच्या सुमारास तो वाढतो. अमावास्येच्या रात्री लक्ष्मीचे वाहन बळी दिले तर लक्ष्मी घरातच अडकून पडते, असला काहीतरी हिशेब. १९७२ च्या कायद्याने घुबड मारणे, धरणे, विकणे हा गुन्हा आहे. बैल मारून गाडीवाल्याला घरी ठेवून घेण्याचा हा प्रकार कोणत्या शास्त्रात बसतो, ते त्या मांत्रिकांनाच विचारावे.

आम्हा शिक्षकांच्या नशिबी निवडणुकीचे काम असते. अशाच एका कामावर मी धडगावकडच्या एका पाड्यावर मुक्कामाला होतो. सकाळी तोंड धुवावयास झऱ्याकडे निघालो, तर समोरच्या सागाच्या वठलेल्या फांदीवर मूठभर पाखरू पाठमोरे बसलेले. शेपटी इकडून तिकडे झटकीत होते. बरोबर पाड्यावरचा एक पावरा म्हातारा होता. मी थांबलो तसा तोही थांबला आणि मोडक्या मराठीत म्हणाला, “गुरजी, हा दिसाचा. रातचा येगळा.”

“बाबा, तुम्ही याला नेहमी पाहता?”

“हाच का दुसरा, ते त्याला इचारा,” म्हातारा म्हणाला आणि हसला.

मी वळसा घालून पुढून पाहावयास गेलो. दहा पावले टाकली असतील नसतील, पाखरू उठले आणि नाल्यापलीकडे गेले. शाळेत परतल्यावर मुलांनी गराडा घातला. “सर, तोच होता ना?” वर्तमानपत्रात देऊ, असेही एकाने सुचवले. मी त्यांना वही दाखवली. वहीत होते: ‘पिंगळा, एक. सागावर, सकाळी साडेसात. बसलेला पाठमोरा. कपाळ दिसले नाही.’ म्हाताऱ्याचे बोलणे त्याखाली लिहिले आहे, त्याच्या नावासकट.

पुढच्या खेपेला दुर्बीण न्यावी म्हणतो. शाळेच्या प्रयोगशाळेत एक आहे. तिचे एक भिंग गेलेले आहे, पण पिंगळ्याचे कपाळ पाहावयास एक डोळा पुरेल.